मोठे सर आज रजेवर आहेत

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हॉस्पिटल ट्रस्टचे चेअरमन आदरणीय श्री. भाऊसो आकाराम मोहिते साहेब, दर आठवड्याला सांगलीहून आपल्याकडे ऑपरेशनला येणारे आणि आज बिनऑपरेशनाचे आलेले सर्जन डॉ. धैर्यशील घोरपडे सर, व्यासपीठावरील सन्माननीय विश्वस्त, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आपल्या भूलतज्ज्ञ डॉ. चंदना मगदूम मॅडम, ‘मी मागं बसते’ म्हणत असतानाही आम्ही पहिल्या रांगेत बसवलेल्या अंजनाकाकी, माझ्या सिस्टर मैत्रिणी, वॉर्डबॉय दादा, मावश्या आणि गावकरी मंडळी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी दीपमाला. ऑपरेशन थिएटरमध्ये मॅडमच्या हाताखाली काम करते. आत्ताच ड्यूटी संपवून आले. साडी नेसायला वेळ मिळाला नाही, म्हणून गणवेशातच उभी आहे. माझ्याआधी जे मान्यवर बोलले त्यांनी मॅडमना दीपस्तंभ म्हटलं, वटवृक्ष म्हटलं. मॅडम खाली मान घालून ऐकत होत्या. मला मागून दिसत होतं, त्या एका पायातली चप्पल काढून पायाचा अंगठा दाबत होत्या. पायांना सूज येते त्यांच्या. अनेक वर्षं उभं राहून राहून. मला वटवृक्षाबद्दल काही सांगता येणार नाही. पाय सुजलेल्या बाईंबद्दल सांगते.

माझ्या घरात मी पहिली पदवीधर. वडील लोणंदच्या कांदा मार्केटमध्ये हमाली करतात. नर्सिंगची पदवी घेऊन मी इथं रुजू झाले, तेव्हा माझ्या डोक्यात फार मोठ्या गोष्टी होत्या. सेवा, त्याग, रुग्ण हाच देव. पहिल्याच दिवशी मी मॅडमसमोर असं काहीतरी बोलून गेले. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “देव नको गं. देवाला काही विचारावं लागत नाही. त्याला माणूसच राहू दे, म्हणजे आपण त्याला विचारू.”

तेव्हा मला ते कळलं नाही. पण मॅडमची विचारण्याची पद्धत लवकरच बघायला मिळाली. पेशंट टेबलावर आला, हाताला सलाईन लागलं, की मॅडम स्वतःचा मास्क खाली करतात, पेशंटच्या तोंडाजवळ वाकतात आणि दोन प्रश्न विचारतात. “तुमचं नाव काय? आणि आज तुमचं काय करणार आहेत?” पेशंटनं त्याच्या शब्दांत सांगायचं. मॅडमचा नियम असा की ज्याला सांगता येणार नाही, त्याला भूल मिळणार नाही. मग बाहेर कुणी का थांबलेलं असेना.

एकदा एक आजोबा आले होते. मॅडमनी विचारलं तर म्हणाले, “काय करणार म्हंजी? कापणार आन् शिवणार. गादीवानी.” आम्ही सगळे हसलो. मॅडमही हसल्या. पण घोरपडे सरांनी हात धुतलेले असतानाही मॅडमनी त्यांना परत बोलावलं आणि आजोबांना सगळं नीट सांगायला लावलं. सर त्या दिवशी किती चिडले होते ते सरांनाच आठवत असेल. सर मान हलवतायत. आठवतंय.

आता मी ज्या गोष्टीकडे वळणार आहे, ती ऐकून काही वडीलधाऱ्यांना वाटेल की निरोपाच्या भाषणात हे कसलं पोरकट. पण मॅडमनी आम्हाला जे शिकवलं त्यातलं निम्मं एका कोरियन मालिकेवरून शिकवलं. हो, कोरियन.

झालं असं की आमची प्रांजल सिस्टर मोबाईलवर हिंदीत डब केलेली एक मालिका बघायची. तिकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलची. त्यात एक खडूस, हुशार, वयस्कर सर्जन, आणि त्याच्या हाताखाली नुकतीच डॉक्टर झालेली एक मुलगी. ती सारखी कमरेत वाकून माफी मागते आणि तो सारखा ओरडतो. त्यांची नावं आम्हाला उच्चारता यायची नाहीत. म्हणून आम्ही त्याला ‘मोठे सर’ आणि तिला ‘बारकी’ म्हणायला लागलो. प्रांजल एकदा मॅडमना म्हणाली, “मॅडम, तो मोठा सर अगदी तुमच्यासारखा आहे.” मॅडम म्हणाल्या, “बघू तरी कसा दिसतो.”

मग शनिवारी दुपारी, ऑपरेशनची यादी संपली की, पँट्रीतल्या टीव्हीला मोबाईल जोडून एक भाग बघायचा अशी रीतच पडली. सांगलीचं भडंग यायचं. मॅडम जैन, म्हणून त्यांच्यासाठी बिनलसणाचं वेगळं. पहिल्या दिवशी मॅडम थोडा वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “हे सगळे रात्रंदिवस जागे आहेत ना? मग यांचे केस इतके नीट कसे? कुणी जांभई का देत नाही? थकलेला डॉक्टर दाखवत नाहीत, मग दाखवतात काय?”

आणि मग त्यांना एक खोड लागली. गोष्ट ऐन रंगात यायची, बारकीसमोर काहीतरी बिकट उभं राहायचं, आम्ही तोंडात घास धरून बसलेलो, आणि मॅडम म्हणायच्या, “थांबव.”

प्रांजलनं मालिका थांबवायची. पडद्यावर बारकीचं तोंड उघडं राहायचं. मग मॅडम प्रत्येकीला विचारायच्या, “तू तिच्या जागी आहेस. काय करशील?” सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय पुढचं दाखवायचं नाही. अगदी सफाईच्या मावशींनाही सुटका नाही. सुरुवातीला आम्ही सगळ्या एकच उत्तर द्यायचो. “मोठे सर सांगतील तसं करीन.” मॅडम भडंगाची मूठ तोंडात टाकायच्या आणि म्हणायच्या, “मोठे सर आज रजेवर आहेत.”

हे वाक्य आमच्याकडे इतकं रुळलं की कुणी कामात टाळाटाळ केली तरी आम्ही एकमेकींना तेच म्हणतो. पण तेव्हा त्याचा खरोखर त्रास व्हायचा. रजेवर आहेत म्हणजे आता मीच. मला काय कळतंय? मी लोणंदची. माझ्या घरी डॉक्टरांसमोर कुणी खुर्चीवर बसत नाही. आई अजूनही दवाखान्यात शिरताना चप्पल बाहेर काढते. त्या घरातल्या मुलीला विचारतात, तू काय करशील?

एका भागात असं होतं. एका म्हातारीच्या पोटात मोठा आजार निघतो. तिचा मुलगा हॉस्पिटलच्या बोळात मोठ्या सरांपुढे गुडघ्यावर बसतो आणि म्हणतो, आईला सांगू नका, ती खचेल, साधं ऑपरेशन आहे म्हणा. मॅडम म्हणाल्या, “हे कोरिया नाही, हे आपल्या वाळव्याकडचं कुटुंब आहे.” आम्ही हसलो. खरंच आहे ना? आपल्याकडे रिपोर्ट आला की आधी कुणाला सांगतात? थोरल्या मुलाला. मग जावयाला. मग भावकीतल्या एखाद्या शिकलेल्याला. ज्याच्या पोटात आजार आहे त्याला कोपऱ्यात चहा देऊन बसवतात.

तर मालिकेत मोठे सर त्या मुलाला उठवतात आणि होकारार्थी मान हलवतात. म्हातारीला टेबलावर घेतात. बारकी तिचा हात धरून उभी. मॅडम म्हणाल्या, “थांबव.”

आम्ही सगळ्या म्हणालो, वाचवायचं. ऑपरेशन करायचं. मॅडमनी विचारलं, “ती अजून जागी आहे. तिला विचारलं का कुणी?” मग पुढचं लावलं. ऑपरेशन यशस्वी होतं, म्हातारी उठते, मुलाच्या गालावरून हात फिरवते, सगळे रडतात, व्हायोलिन वाजतं. प्रांजल पण रडली. मॅडमनी तिला टिश्यू दिला आणि म्हणाल्या, “हा माणूस उत्तम डॉक्टर आहे. आणि हे त्यानं चुकीचं केलं. दोन्ही एकदम असू शकतं.”

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. मला पुन्हा लागणार आहे.

आता जे सांगणार आहे ते सांगण्याआधी मी तीन जणांची परवानगी घेतली आहे. पेशंटची गोष्ट पेशंटला विचारल्याशिवाय चारचौघांत बोलायची नसते. मी अंजनाकाकींना विचारलं. काकी म्हणाल्या, “सांग की. गाव आदीच बोलतंय, निदान नीट तरी बोलू दे.” चेअरमनसाहेबांना विचारलं. साहेब बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, “बोला. पण मला अगदीच वाईट दाखवू नका.” आणि मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, “हे सांगणार असशील तरच भाषण कर. नाहीतर नुसता हार घाल आणि खाली बस.”

अंजनाकाकी चेअरमनसाहेबांच्या आई. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत गाठ निघाली. तपासणीत कॅन्सर निघाला. डावी छाती काढावी लागणार होती. रिपोर्ट साहेबांच्या हातात आला, आणि साहेबांनी तेच केलं जे आपल्यातल्या कुठल्याही मुलानं केलं असतं. आईला सांगितलं, बारकी गाठ आहे, काढून टाकू, चार दिवसांत घरी. सही-बिही सगळं झालं. सहीचं काय हो, काकींनी मुलावर विश्वास ठेवून केली. आणि मग साहेब मॅडमकडे आले. आपल्या सगळ्यांना माहीत आहे, साहेबांसमोर लोक हात जोडतात. त्या दिवशी बोळात साहेबांनी हात जोडले. “मॅडम, आई खचंल. तेवढं टेबलावर काय विचारू नगा. नुसतं झोपवा. पाया पडतो तुमच्या.”

मॅडम तेव्हा एका बाळंतिणीच्या ऑपरेशनमधून बाहेर आलेल्या. त्याच्या आधी एक अपघाताची केस. या भागात भूल देणाऱ्या त्या एकट्याच. नंतर मॅडमनी मला सांगितलं, “मी हो म्हटलं नाही गं. पण नाही पण म्हटलं नाही. इतकी दमले होते, की नाही म्हणायलाही बळ लागतं ते नव्हतं.”

मला वाटतं, हे मालिकेत कधी दाखवत नाहीत. तिथं चुकीचं करणारा माणूस लोभी असतो, नाहीतर भित्रा. आमच्याकडे तो बहुतेक वेळा नुसता दमलेला असतो.

ऑपरेशनच्या दिवशी काकी टेबलावर आल्या. मी त्यांच्या हाताशी उभी. काकींनी मला विचारलं, “कुठली गं तू?” म्हटलं, “लोणंदची.” म्हणाल्या, “म्हंजी कांद्याची. तरीच डोळं पानावल्यात.” मॅडमनी इंजेक्शन हातात घेतलं. ते दुधासारखं पांढरं औषध असतं, ते गेलं की माणूस बघता बघता झोपतो. मी वाट बघत होते. मॅडम मास्क खाली करतील, वाकतील. मॅडमनी मास्क खाली केला नाही. त्यांनी सलाईनच्या नळीला हात घातला.

मी घोरपडे सरांकडे बघितलं. सर हात वर धरून उभे. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मला माझ्या नोकरीची भीती वाटली, हे खरं सांगते. चेअरमनची आई. बाहेर चेअरमन स्वतः बसलेले. घरात दर महिन्याला येणारा पगार माझा एकटीचाच. पण डोक्यात ते एकच वाक्य वाजत होतं. मोठे सर आज रजेवर आहेत. मोठे सर आज रजेवर आहेत.

मी काकींच्या तोंडाजवळ वाकले आणि विचारलं, “काकी, तुमचं नाव काय? आणि आज तुमचं काय करणार आहेत?”

काकी म्हणाल्या, “अंजना. गाठ काढणार हायत की. बारकी हाय, लिंबाएवढी. भाऊसो म्हणला.”

मग मॅडमचा आवाज आला. शनिवारी दुपारी यायचा तसाच.

“थांबव.”

त्यांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. मास्क काढला. स्टूल ओढून काकींच्या डोक्याशी बसल्या. घोरपडे सर म्हणाले, “मॅडम, हे आधीच ठरलंय.” मॅडम म्हणाल्या, “कुणाशी ठरलंय, सर?” आज त्यांच्यासमोर सांगते, सरांनी त्या वेळी हातमोजे काढले आणि तेही शेजारी येऊन उभे राहिले. गेले नाहीत.

मॅडमनी काकींना सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्द वापरला. काय काढणार ते सांगितलं. नाही काढलं तर काय, तेही सांगितलं. काकी वरच्या मोठ्या दिव्याकडे बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “भाऊसोला ठाव हाय?”

“हो.”

“सुनंला?”

“हो.”

“ह्या पोरीला?”

मी मान हलवली.

“म्हंजी परत मलाच न्हाई.”

परत? आम्हाला कळेना. मग काकींनी जे सांगितलं, ते त्यांनी त्यांच्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. काकींचे मालक आकारामदादा लष्करात होते. सीमेवर कामी आले. गावात निरोप आला तो सासऱ्यांच्या हातात. तेव्हा घरात दिराचं लग्न होतं. सासऱ्यांनी ठरवलं, लग्न होईपर्यंत सुनेला सांगायचं नाही. काकी म्हणाल्या, “मी कुकू लावून हिंडत हुते. हिरवा चुडा भरला. हळदीत गाणी म्हणली. भाऊसो कडेवर. आन् बाया माझ्याकडं बघंनात. मला वाटलं, माझ्या लुगड्याला मागनं काय लागलंय का काय. दोनदा घरात जाऊन बघून आले. सगळ्या गावाला ठाव हुतं, माझा मालक गेलाय. मला सोडून.”

मग त्या म्हणाल्या, “सासरा वाईट नव्हता. त्याला वाटलं, पोरगीला चार दिस सुखाचं मिळू देत. पर ते चार दिस मला आजून खुपत्यात. मालक गेल्यापरीस जास्त.” आणि म्हणाल्या, “मला उठवा.”

त्या टेबलावरून उतरल्या. मी धरायला गेले तर म्हणाल्या, “पाय हायत मला आजून.” बाहेर आल्या. साहेब ताडकन उठले. त्यांनी विचारलं, “कुणी सांगितलं आईला?” मॅडम म्हणाल्या, “मी.” मी म्हणाले, “मी विचारलं.” पुढचं मी सांगत नाही. साहेबांना वाईट दाखवायचं नाही असं कबूल केलं आहे. एवढंच सांगते की मला काही दिवस घरी राहायला सांगण्यात आलं.

मी लोणंदला गेले. वडील मार्केटमधून आले, मला बघून म्हणाले, “मधीच का आलीस गं?” मी सगळं सांगितलं. आई रडायला लागली. म्हणाली, “तुला काय गरज हुती? मोठ्या मान्सांचं मोठी मान्सं बघत्यात.” वडील हात-पाय धुऊन आले, बसले, आणि म्हणाले, “आमी शिकलो न्हाई म्हणून गप बसत आलो. तू शिकूनबी गप बसनार हुतीस, तर मग आमी काय वाईट हुतो?”

मी पदवी घेतली त्या दिवशीसुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

इकडे मोहित्यांच्या घरात काय झालं ते मला काकींनी नंतर सांगितलं. साहेब आणि काकी बरेच दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. स्वयंपाक व्हायचा, ताटं वाढली जायची, कुणी जेवायचं नाही. मग एके दिवशी काकींनी साहेबांना समोर बसवलं आणि लग्नाच्या हळदीची ती गोष्ट सांगितली. “तू कडेवर हुतास,” म्हणाल्या. “तवा तू बारका हुतास, तुला काय कळत नव्हतं. आता मोठा झालायस, आन् आज्ज्यानं केलं तेच केलंस.” साहेब काय म्हणाले ते काकींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून मला फोन आला. काकींनी निरोप पाठवला होता की ऑपरेशन करायचं असेल तर ती लोणंदची पोरगी आत पाहिजे. आणि मॅडम आधीपासूनच म्हणत होत्या की ती येईपर्यंत मी थिएटरमध्ये पाय ठेवणार नाही.

काकी पुन्हा टेबलावर आल्या. या वेळी मॅडमनी मास्क खाली केला. वाकल्या. विचारलं. आणि काकींनी बाहेरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “अंजना आकाराम मोहिते. कॅन्सर हाय. डावी छाती काढणार हायत. मी म्हणलंय काढा.” आणि मग हळूच म्हणाल्या, “आवं मॅडम, मला झोपवताय ते ठीक हाय. तुमीबी झोपा की जरा. लय दमलाय.”

काकी, तुमचे केस परत आलेत. छान दिसताय. सांगायचं राहून गेलं होतं.

त्या दिवशी ऑपरेशन झाल्यावर मॅडम पँट्रीत बसल्या होत्या. टीव्ही बंद. मी चहा दिला. त्या म्हणाल्या, “दीपमाला, त्या दिवशी मोठे सर खरंच रजेवर होते. टेबलाशेजारी उभे होते, पण रजेवर होते. बरं झालं तू होतीस.” मी म्हणाले, “मॅडम, तुम्ही थांबलात की.” त्या म्हणाल्या, “थांबले. पण प्रश्न तू विचारलास. पुढच्या वेळी तू नसशील, आणि मी अशीच दमलेली असेन, तर?” मग त्यांनी चपला काढल्या, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले आणि म्हणाल्या, “ज्या दिवशी माझा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारावा लागला, त्या दिवशी मी घरी जायचं ठरवलं होतं. फार पूर्वी ठरवलं होतं. मला वाटलं, तो दिवस आला की वाईट वाटेल. तसं काही वाटत नाहीये. झोप येतेय नुसती.”

मी तेव्हा त्यांच्याशी भांडले. म्हणाले, एका चुकीसाठी कुणी जातं का? आणि ती चूक झालीही नाही. मी तरुण आहे, मला वाटतं माणसानं शेवटपर्यंत लढावं वगैरे. मॅडम हसल्या. म्हणाल्या, “मी शिक्षा म्हणून जात नाहीये गं. मी दमलेय म्हणून जातेय. दमलेल्या माणसाच्या हातात ते पांढरं औषध असू नये.”

चेअरमनसाहेब, गावात काय बोललं जातं ते तुम्हालाही माहीत आहे. बाहेरच्या टपरीवर चहा पिताना मी स्वतः ऐकलंय. ‘मॅडमनी साहेबांच्या आईला सांगितलं म्हणून साहेबांनी त्यांना काढलं.’ काल एकानं तर मला तोंडावर विचारलं, “काय सिस्टर, पुढचा नंबर तुमचा का?” म्हणून मला हे सगळं बोलावं लागलं. नाहीतर मी पण वटवृक्ष म्हणून खाली बसले असते.

मॅडम फार मोठ्या डॉक्टर आहेत. आणि त्या दिवशी त्या चुकीचं करायला निघाल्या होत्या. दोन्ही एकदम असू शकतं. साहेब, तुमचं आईवर अतिशय प्रेम आहे. आणि तुम्ही तिला फसवत होतात. तेही दोन्ही एकदम असू शकतं. मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरायला शिकवलं, त्याबद्दल मी मॅडमची आयुष्यभर ऋणी राहीन. सोपं नाही ते. एक टाकून द्यावंसं वाटतं.

मालिकेचा शेवटचा भाग आम्ही अजून बघितलेला नाही. मॅडमनी बघू दिला नाही. म्हणाल्या, “मी गेल्यावर बघा. पण थांबवत थांबवत बघा. आणि प्रांजलला रिमोट देऊ नका, ती रडताना थांबवायचं विसरते.” या शनिवारी बघणार आहोत. ‘थांबव’ म्हणायची पाळी कुणाची यावरून आत्तापासूनच भांडण चालू आहे.

आता आभार. संस्थेचे आभार, की त्यांनी एका साध्या सिस्टरला माईक दिला, आणि काय बोलणार हे माहीत असूनही काढून घेतला नाही. घोरपडे सरांचे आभार, त्या दिवशी हातमोजे काढून शेजारी उभे राहिल्याबद्दल. अंजनाकाकींचे आभार कशाकशाचे मानू? आणि मगदूम साहेबांचे, म्हणजे मॅडमच्या यजमानांचे आभार, ज्यांनी इतकी वर्षं मॅडमचं जेवण झाकून ठेवलं, दिवस मावळल्यावर मॅडम जेवत नाहीत म्हणून ते तसंच राहिलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकून ठेवलं. बोलण्याच्या भरात मी मोठ्यांना नावानं बोलले, घरातलं बाहेर काढलं, कुणाला लागलंही असेल. ड्यूटीवरून थेट आले आहे, शब्द नीट निवडायला डोकं ताजं नाही. जे कमी-जास्त झालं असेल ते तुमच्या घरातली मुलगी समजून सांभाळून घ्या.

फक्त एक राहिलं. मॅडम, जरा इकडे बघता? इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना विचारलंत. तुम्हाला कुणी विचारलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून हार आणला, शाल आणली, नारळ आणला, मोठ्या मोठ्या शब्दांत तुमच्याबद्दल बोललो. पण नियम म्हणजे नियम. मॅडम, तुमचं नाव काय? आणि आज तुमचं काय करणार आहेत?

काय म्हणालात? थांबा, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. मी माईकवर सांगते.

मॅडम म्हणतात, “चंदना अजितकुमार मगदूम. मला आज घरी पाठवणार आहेत. आणि मला आधी विचारलं होतं.”